कडेचे धागे सैल पडत होते, त्यावरचा उपाय
घरच्या लहान हातमागावर सुती स्कार्फ लावले होते. रुंदी 35 सेंमी, सेंटीमीटरला 4 घरांची फणी (धागे ज्या फटींतून ओवतात ती चौकट), म्हणजे ताण्याचे, अर्थात उभे, 140 धागे. वीतभर विणलं आणि दोन्ही कडांचे धागे लोंबायला लागले. आडवा धागा नेणारा धोटा नेमका त्यांच्यातच अडकायचा.

फणीवर संशय होता, पण दोष मागच्या रुळावर निघाला. ताणा नुसताच गुंडाळला की कडेचे वेढे बाहेर घसरतात. तिथे रुळाचा घेर कमी होतो, तेवढ्याच फेऱ्यांत कमी सूत बसतं आणि ताण बिघडतो.

सगळं उलगडलं. (कंटाळवाणं काम, पण गत्यंतर नाही.) पुन्हा गुंडाळताना प्रत्येक फेरीत जाड खाकी कागद घातला, ताण्यापेक्षा दोन्ही बाजूंना चार-पाच सेंमी रुंद. वर्तमानपत्र नको, ते मऊ पडतं आणि शाई लागते. एकाने ताणा घट्ट धरायचा, दुसऱ्याने रूळ फिरवायचा. एकट्याने हे नीट जमत नाही. पुढच्या दांडीला धागे सेंटीमीटरभराच्या जुड्यांनी बांधले आणि तळवा फिरवून ताण पाहिला. गाठी आधी मधल्या, मग कडेच्या.

ताण्याची लांबी मोजताना स्कार्फ आणि झालर यांच्याखेरीज मागात अडकून राहणारं अर्धा-पाऊण मीटर सूत धरा.