स्वतःची फोटोग्राफी स्टाइल कशी शोधायची (प्रीसेट विकत न घेता)

स्टाइल हवी म्हणून प्रीसेटचे, म्हणजे एका क्लिकवर फोटोचे रंग बदलणाऱ्या तयार सेटिंगचे, पॅक घेत बसू नका. सगळ्या फोटोंना तोच केशरी-निळा रंग फासला की ते एकसारखे दिसतात एवढंच, आणि तेच पॅक आणखी कितीतरी लोकांकडे असतात. "एकच विषय धरा" हा सल्लाही मला पटत नाही, पोर्ट्रेट असो की डोंगर, बघणारा डोळा तोच असतो. तो डोळा सारखा कुठे जातो हे तुम्ही आधीच काढलेल्या फोटोंत सापडतं.

तर गेल्या वर्ष-दोन वर्षांतले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये आणा, मोबाइलचे पण.

आता त्यातले पन्नास-साठ निवडा. खरी गोची इथे आहे, माझं घोडं सगळ्यात जास्त इथेच अडलं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. निवडायला बसलं की हात आपोआप जास्त लाइक मिळालेल्या फोटोंकडे जातो, नाहीतर ज्यासाठी पहाटे उठून पाय मोडेस्तोवर चाललो त्या फोटोंकडे. दोन्ही बाजूला ठेवा. लाइक ही दुसऱ्यांची आवड, आणि मेहनत फ्रेममध्ये दिसत नाही. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा, हा मला परत बघावासा वाटतो का? का ते सांगता येत नसेल तर असा फोटो हट्टाने ठेवाच, हललेला असला तरी.

काल काढलेले फोटो आज निवडू नका. अमेरिकन फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड तर काढलेले फिल्मचे रोल मुद्दाम खूप दिवस डेव्हलप न करता ठेवायचा, काढतानाचा मूड डोक्यातून जावा म्हणून. आणि फोटो गाळताना जीव कळवळला तर फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक आठवा, 1955 पासून अमेरिकाभर फिरून त्याने 27 हजारांहून जास्त फोटो काढले आणि 'द अमेरिकन्स' या पुस्तकात घेतले 83. पहिल्या फेरीत मित्रांना, घरच्यांना विचारायचं नाही, कळकळीने सांगतोय, त्यांना त्यांचे आवडते फोटो दिसणार.

निवडलेल्यांच्या पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट काढून जमिनीवर मांडा, स्क्रीनवर एकेक बघून काही कळत नाही. मग सगळ्या उलट्या करा, म्हणजे डोकं खाली पाय वर. माणूस कोण, जागा कुठली हे विसरायला होतं आणि नुसता उजेड, अंधार, आकार दिसायला लागतात. माझ्या ढिगात माणसं बहुतेक पाठमोरी, डाव्या कडेला सरकलेली, आणि उजवीकडे अर्धी फ्रेम रिकामी भिंत असं निघालं, मी हे कधी ठरवलं नव्हतं. असं जे जे दिसेल ते साध्या शब्दांत लिहा: उजेड मागून, कॅमेरा कमरेच्या उंचीवर, चेहऱ्यापेक्षा हात जास्त. "मूडी", "सिनेमॅटिक" असलं काही लिहू नका, त्यावरून पुढच्या वेळी कुठे उभं राहायचं ते कळत नाही.

लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) फिल्टर लावून निवडलेल्या फोटोंत कुठली फोकल लेंग्थ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचं दाखवते तो एमएममधला आकडा) जास्त आहे ते बघा आणि दोन-तीन महिने तीच वापरा, झूम असेल तर रिंगला टेप लावा. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने मुख्यतः 50 एमएमवरच काम केलं, त्यामुळे नवीन लेन्सचं नंतर बघू.

आता यादीतली एकेक गोष्ट मुद्दाम उलटी करा. पाठमोरी माणसं काढत असाल तर समोर जा, भिंत रिकामी सोडत असाल तर फ्रेम भरा. जे उलटं करताना फोटो आपला वाटतच नाही ते तुमचं खरं, आणि जे सहज सुटलं ती नुसती हाताला लागलेली सवय होती, तिला जाऊ द्या.

एडिटिंग सगळ्यात शेवटी, आणि यादीला धरून.

सहा महिन्यांनी नवे फोटो घेऊन परत मांडा, जुनी यादी न बघता नवीन लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. जे दोन्हीकडे आलं त्यावर पुढचे सहा महिने काढा.