घटस्फोटानंतर चर्चकडे विवाह-अवैधतेचा अर्ज कसा करावा
दिवाणी घटस्फोटाने कॅथलिक चर्चच्या दृष्टीने विवाहबंधन तुटत नाही. पूर्वीचा जोडीदार हयात असताना चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचे असेल, तर पहिला विवाह मुळातच अवैध होता, असा निर्णय धर्मप्रांताच्या (बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) न्यायाधिकरणाकडून, म्हणजे चर्चच्या न्यायालयाकडून, मिळवावा लागतो. आधी आपल्या धर्मगुरूंना भेटावे. बाप्तिस्म्याचा व विवाहाचा दाखला आणि घटस्फोटाचा हुकूमनामा जमवावा.

खरी कसोटी लेखी निवेदनाची असते, कारण तेथे नंतरची भांडणे नव्हे, तर लग्नाला संमती देतानाची परिस्थिती तपासली जाते. ‘तो दारू पिऊन मारायचा’ एवढे लिहून भागत नाही. व्यसन लग्नाआधीपासून होते का, ते मुद्दाम लपवले होते का, हे प्रत्यक्ष जाणणारे साक्षीदार द्यावेत. दुसऱ्या पक्षालाही नोटीस जाते. २०१५ मधील सुधारणेनंतर निकालाला दुसऱ्या न्यायाधिकरणाची पुष्टी अनिवार्य राहिलेली नाही. मुलांच्या औरसपणाला धक्का लागत नाही. ती भीती अनाठायी आहे.