कुत्र्या-मांजराचं दुखणं हाताला आधी कळावं म्हणून

आमच्या मांजरीचं पाण्याचं भांडं रोज रात्री अर्धं उरलेलं असायचं. मग महिनाभर ते तळापर्यंत रिकामं दिसू लागलं. ‘उकाडा आहे, पीत असेल जास्त’ असं म्हणून मी ते पुन्हा भरत राहिले. रक्त आणि लघवी तपासली तेव्हा कळलं की तिची मूत्रपिंडं थकली होती. मूत्रपिंडाचं सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडल्यावरच प्राणी जास्त पाणी पिऊ लागतो, हे तेव्हा डॉक्टरांकडून समजलं. मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत असते, आणि कुत्राही दुखऱ्या पायाने शेपटी हलवत दारात येतो. म्हणून निरोगी असताना आपला प्राणी कसा असतो, ते आपल्याला पक्कं ठाऊक हवं.

आधी एक वही करा

प्राणी ठणठणीत असतानाच चार गोष्टी वहीत लिहा: वजन, दिवसभरात साधारण किती खातो, किती पाणी पितो आणि गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास घेतो. श्वास मोजायला सोपा आहे. छाती एकदा वर-खाली झाली की एक. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. झोपेतला आकडा सारखा ३० च्या वर जाऊ लागला तर डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयाचा आजार पुष्कळदा सगळ्यात आधी इथेच दिसतो.

वजनासाठी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. पाच किलोच्या मांजरीचं अर्धा किलो वजन उतरलं तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तो तिच्या वजनाचा दहावा हिस्सा असतो. जाड-बारीक ठरवायला आपला हातच पुरे. हात टेबलावर पालथा ठेवा आणि बोटांच्या मागची हाडं दुसऱ्या हाताने चाचपा. बरगड्या साधारण तशाच लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या उंचवट्यांसारख्या टोचल्या तर प्राणी हडकलाय. तळव्यासारख्या मऊ थराखाली शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करायची वेळ झाली.

आठवड्यातून एकदा, नाकापासून शेपटीपर्यंत

कुरवाळता कुरवाळता हे पाच मिनिटांत होतं. लहानपणापासून सवय लावली तर प्राणी त्याची वाटही बघतो.

ओठ हलकेच वर करा. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी (काहींच्या हिरड्या मुळातच काळसर असतात, तिथे गुलाबी भाग शोधा). बोटाने दाबली की ती पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. फिकट, निळसर किंवा पिवळी हिरडी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानात डोकावून वास घ्या. आंबूस वास, काळपट मळ किंवा सारखं डोकं झटकणं म्हणजे कान बिघडलाय. कापसाची काडी आत घालू नका, मळ आणखी आत जातो.

मग दोन्ही हात केसांच्या उलट दिशेने पूर्ण अंगावरून फिरवा. गाठ लागली तर जागा आणि आकार वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी ‘वाढली की काय’ असा अंदाज बांधत बसावं लागत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानामागे आणि काखेत गोचीड लपते. दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तिला चिरडू नका, जाळू नका, तेल-रॉकेल लावू नका.

लसी

पिल्लाला आईच्या चिकातून रोगाशी लढायची ताकद मिळते, पण तीच ताकद लसीलाही आड येते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवडे वयापर्यंत, लस पुन्हा पुन्हा देतात. सगळ्यात जास्त चूक इथे होते: दोन डोस झाले की लोक निश्चिंत होतात आणि शेवटचा राहून जातो. कुत्र्यासाठी पार्व्हो, डिस्टेंपर आणि हिपॅटायटिस, मांजरासाठी पॅनल्यूकोपेनिया, कॅलिसी आणि हर्पिस या विषाणूंच्या रोगांवरच्या लसी मुख्य. रेबीजची दोघांनाही, साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, त्यामुळे घराबाहेर न पडणाऱ्या मांजरीलाही ती चुकवू नका. पुढचे बूस्टर डॉक्टरांना विचारून: काही दर वर्षी लागतात, काही तीन वर्षांनी.

जंत आणि पिसवा

कुत्र्याच्या पिल्लाला दोन आठवड्यांपासून, मांजराच्या पिल्लाला तीन आठवड्यांपासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यावं लागतं, कारण जंत आईकडूनच येतात. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि मोठेपणी साधारण तीन महिन्यांतून एकदा. डोस वजनावर ठरतो, तेव्हा वही बरोबर न्या.

एक गोष्ट मी भेटेल त्याला सांगते: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका. त्यातलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कुत्र्याला चालतं, मांजरीला झटके येऊन ती दगावू शकते. नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेली मांजरही धोक्यात असते.

दात, नसबंदी आणि घरातली विषं

तोंडाला घाण वास येणं म्हणजे हिरड्या बिघडल्याची खूण. दात रोज घासा. पहिले काही दिवस बोटाला ओलं फडकं गुंडाळून फक्त बाहेरची बाजू पुसा, मग ब्रश आणि प्राण्यांसाठीची पेस्ट. माणसांची पेस्ट नको, ते ती गिळतात. नसबंदी न केलेल्या, माजावर येऊन गेलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. माजानंतरच्या आठवड्यांत ती मलूल झाली, पाणी जास्त पिऊ लागली तर लगेच दाखवा.

चॉकलेट, द्राक्षं-बेदाणे, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) घातलेलं गोड कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. मांजर असलेल्या घरात लिलीची फुलं आणूच नका. अंगावर पडलेले पराग चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. आणि पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. कणकण वाटली तरी आपल्या डब्यातली गोळी देऊ नका.

केव्हा थांबायचं नाही

बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि वाळू कोरडीच आहे, तर मूत्रमार्ग अडकला असं धरा. हे बद्धकोष्ठासारखं दिसतं आणि लोक सकाळपर्यंत वाट बघतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तसंच मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं आणि तो ओकारी काढतोय पण काहीच पडत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे तास मोजावे लागतात. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, त्याचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.