पावसाळ्यापूर्वीची बांधसफाई: कोणती झाडे राखावीत

पावसाळ्यापूर्वीच्या मशागतीबरोबर बांध मोकळे करण्याचे काम सुरू होते, आणि त्यात पिकावर सावली धरणारी झाडे, ओढ्याकाठची झुडपे व वठलेले बुंधे एका दमात काढले जातात. ज्यांची जमीन जंगलाला लागून आहे त्यांनी हे काम हात राखून करावे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार १९९० ते २०२० या काळात सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल तोडून ती जमीन अन्य वापराखाली आणली गेली, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा शेतीच्या विस्ताराचा होता. उरलेल्या तुकड्यांतील प्रजाती लगेच नाहीशा होत नाहीत. एका तुकड्यातून दुसऱ्यात ये-जा थांबल्यावर त्या वर्षानुवर्षे रोडावत जातात, म्हणून नुकसान उशिरा कळते. बांधावरची सलग झाडओळ ही ये-जा काही अंशी चालू ठेवते.

झाडओळ तुटल्याचा शेतातला पहिला फटका परागीभवनाला बसतो. लाल भोपळ्याची नर व मादी फुले वेगळी असतात, ती पहाटे उमलून दुपारपूर्वी मिटतात, आणि तेवढ्या वेळात मधमाश्या फिरकल्या नाहीत तर फळ वेडेवाकडे होते किंवा कोवळेपणीच पिवळे पडून गळते. असे दिसले की खताची मात्रा वाढवण्याआधी सकाळी फुलांवर माश्या येतात का, हे पाहावे. लाकूड पोखरणारे भुंगे वाळक्या खोडात घर करतात, पोळे न करता एकेकट्या राहणाऱ्या अनेक एकाकी मधमाश्या बांधाच्या न नांगरलेल्या मातीत बिळे करतात, तर उंदीर खाणारे गव्हाणी घुबड जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. त्यामुळे वाटेवर किंवा विजेच्या तारांवर पडण्याचा धोका नसेल, तर वठलेले झाड उभे राहू द्यावे. सावलीचा त्रास होत असल्यास पिकाकडच्या खालच्या फांद्याच छाटाव्यात, तत्पूर्वी घरटी पाहून घ्यावीत; पालापाचोळा न जाळता झाडाच्या बुडाशी पसरावा.

हिरवे दिसते ते सारेच राखावे, असे मात्र नाही. घाणेरी व गाजरगवत काढलेच पाहिजे, आणि कापसाजवळची पेटारीही, कारण तिच्यावर पिठ्या ढेकूण तग धरतो. मोकळ्या झालेल्या जागी पहिल्या चांगल्या पावसानंतर वेगवेगळ्या हंगामांत फुलणारी स्थानिक झाडे मिसळून लावावीत; एकाच जातीची रांग वारा अडवील, पण तिचा बहर सरला की माश्यांना तिथे काही उरत नाही.