अनोळखी फुलझाड ओळखताना या चुका टाळा

गुहागरला आमच्या परड्यात विहिरीशेजारी पांढऱ्या फुलांचं एक झुडूप आहे. रोप विकणाऱ्याने ‘अनंत’ म्हणून दिलं आणि आम्हीही चार वर्षं त्याला अनंतच म्हणत होतो. एकदा गडग्यावर आलेली फांदी कोयतीने छाटली, तर कापल्या जागी दुधासारखा चीक टपटपायला लागला. अनंताला चीक नसतो. ती निघाली डबल तगर.

नुसतं फूल बघून नाव ठेवायचं, ही सगळ्यात मोठी चूक. एकेरी तगरीच्या पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या वळलेल्या असतात, ती सहज कळते. डबल जातीत पाकळ्यांची गर्दी होते आणि ती खूणच झाकली जाते. अशा वेळी पेर, म्हणजे फांदीवर पानं फुटतात ती जागा, बघा. पानं दोन्हींची समोरासमोर आणि तुकतुकीतच. पण अनंताच्या दोन देठांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा खोडाला धरून असतो, नखाने अलगद सोलून निघतो. शिवाय अनंताचं फूल उमलताना पांढरं असतं आणि जुनं होताना पिवळट पडतं.

दुसरी चूक पान मोजण्यातली. कुंतीची एकेक पर्णिका, म्हणजे एकाच पानाचा पानासारखा दिसणारा छोटा भाग, हेच एकेक पान असं पुष्कळांना वाटतं. कोंब पानाच्या बगलेत असतो, पर्णिकेच्या नाही, तेवढं तपासलं की घोळ मिटतो. मग पर्णिका उजेडासमोर धरा. तेलाचे बारीक ठिपके दिसतील, चुरगळली तर लिंबाच्या कुळाचा वास येईल.

रंगीत दिसतं ते सगळं पाकळीच असतं असंही नाही. बोगनवेलीचं खरं फूल म्हणजे आतली बारीक फिकट नळी. पावसाळ्यात घाटात फुलणाऱ्या भूतकेसाचं ते पांढरं ‘पान’ म्हणजे केशरी फुलाचं मोठं झालेलं एक निदल, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या हिरव्या दलांपैकी एक.

गावच्या नावावर विसंबू नका. चाफाच घ्या. देवचाफा कण्हेरीच्या कुळातला, हिरवा चाफा सीताफळाच्या, भुईचाफा हळदीच्या. नाव एक, नातं काहीच नाही.

आणि चव तर कधीच घेऊ नका. एका पेरावर तीन-तीन लांबट पानं असली तर ती बहुधा कण्हेर. तिचं पान, फूल, साल, सगळंच विषारी. पिवळ्या कण्हेरीची पानं मात्र फांदीवर एकाआड एक येतात. तिच्या बिट्ट्या मुलं खेळायला गोळा करतात, पण आतली बी जिवावर बेतू शकते. मुलांना हे आजच सांगा. चीक हाताला लागला तर डोळे न चोळता आधी हात धुवा.

मोबाईलच्या ॲपला फुलाचा एकच फोटो देऊन मिळालेलं नाव म्हणजे अंदाज समजा. अख्खं झुडूप, पानाच्या दोन्ही बाजू, पेर, कळी आणि असलं तर फळ, एवढे फोटो काढा. सावलीतली पानं मोठी होतात, म्हणून उन्हातल्या फांदीचंही एक पान घ्या. तरीही अडलं, तर फुलासकट ताजी डहाळी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. फूल गळून गेलं असेल तर फळ धरेपर्यंत थांबा, तोवर झाडाला चिंधी बांधून ठेवा, म्हणजे बेणताना चुकून कुणी तोडणार नाही.