हलकी सायकल स्वतः बिल्ड करताय? मग या चुका टाळा

हलकी रोड सायकल स्वतः जमवायची ठरली की प्रत्येकाकडे एक एक्सेल शीट तयार होतेच. पार्टचं नाव, वजन, किंमत. मग रात्री जागून त्यात ग्रॅम कापत बसायचं, हँडलबार बदलला की एवढे गेले, सीटपोस्ट बदलली की तेवढे, आणि खालची टोटल ६.८ च्या आत आली की मगच झोप लागते. हा ६.८ किलो आकडा यूसीआयच्या, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, रेसिंग नियमातला, २००० सालापासूनचा, त्याच्याखालची सायकल त्यांच्या रेसला चालत नाही. सिंहगडाच्या पायथ्याला काटा घेऊन कोणी उभं नसतं, तरी आपल्याला तोच आकडा पाहिजे असतो, ठीक आहे, हौस आहे.

पण त्या शीटमध्ये एक कॉलम जवळपास कधीच नसतो: हा पार्ट बसणार कशावर? फसलेल्या बिल्ड बघा, त्यात पार्ट बहुतेक वेळा चांगलेच असतात, भारीतलेच असतात, घोळ असतो तो दोन पार्ट जिथे एकमेकांना भेटतात तिथे. म्हणून वजनाच्या आधी ती चौथी कॉलम भरा.

बीबी: सगळ्यात महागडा घोळ

फ्रेम घेताना रंग बघतात, वजन बघतात, बॉटम ब्रॅकेटचं (बीबी, पेडलचे हात ज्या दांडीवर फिरतात तिच्या बेअरिंगची फ्रेममधली जागा) स्टँडर्ड कोणी विचारत नाही. आणि इथे तर नुसता बाजार मांडलाय. बीएसए म्हणजे आपले जुने आटेवाले, ६८ मिमी रुंदीचे. इटालियन आटे वेगळे, ७० मिमी. मग प्रेसफिटवाले, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायचे, बीबी८६, बीबी३०, पीएफ३०, आणि अलीकडे टी४७, जे परत आट्यांवरच आलेत. दुसऱ्या बाजूला क्रँकची, म्हणजे पेडलच्या हातांची, दांडी: शिमानो कंपनीची २४ मिमी, स्रॅम कंपनीच्या डबची २८.९९, आणि बऱ्याच इतर कंपन्यांची ३०. आता बीबी८६ ची फ्रेम आणि ३० मिमीची क्रँक अशी जोडी जमवलीत तर ती बसते, बसत नाही असं नाही, पण मधे बेअरिंगला जागाच उरत नाही, छर्रे इतके बारीक घालावे लागतात की एका पावसाळ्यात खरखर सुरू. तिथे २४ मिमीची क्रँक घ्या, शांतता मिळेल.

माझं मत विचाराल तर पहिलीच बिल्ड असेल तर आट्यांचा बीबी असलेली फ्रेम घ्या, बीएसए किंवा टी४७, भले थोडे ग्रॅम जास्त असोत. प्रेसफिट वाईट नाही पण फ्रेमचं भोक नेमक्या मापाचं आणि दोन्ही बाजू एका रेषेत असायला लागतात, आणि ते तुमच्या हातात नसतं. आणि हो, बीएसएमध्ये उजव्या बाजूच्या म्हणजे चेनच्या बाजूच्या कपचे आटे उलटे असतात. इटालियनमध्ये दोन्ही बाजू सुलट. हे न बघता लांब पान्हा लावून जोर काढला की नव्या फ्रेमचे आटे गेलेच समजा.

व्हील घेतलं, कॅसेट बसेना

सेकंडहँड कार्बन व्हीलसेट स्वस्तात मिळाला म्हणून उचलला आणि मग कळलं की फ्रीहब (मागच्या चाकाचा तो भाग ज्यावर कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बसतो) वेगळा आहे, ही तर रोजची कहाणी. स्रॅमची १२ स्पीड एएक्सएस रोड कॅसेट १० दातांपासून सुरू होते, तिला एक्सडीआर फ्रीहब लागतो. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट जुन्या ११ स्पीडच्या फ्रीहबवर बसते, पण शिमानोच्या काही नव्या व्हील्सचा फ्रीहब फक्त १२ स्पीडचा आहे, त्यावर तुमची जुनी ११ स्पीड कॅसेट जाणार नाही. आणि ११ स्पीडच्या फ्रीहबवर १० स्पीड रोड कॅसेट लावायची असेल तर मागे १.८५ मिमीचा स्पेसर पाहिजे, तो विसरलात तर लॉकरिंग टाइट होऊनही कॅसेट हलत राहते आणि माणूस आठवडाभर गिअर ट्यून करत बसतो.

शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) आणि मागच्या डिरेल्युअरचंही (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेच. एका क्लिकला केबल किती ओढली जाते ते प्रत्येक फॅमिलीत वेगळं. केबलवाला शिमानोचा शिफ्टर आणि स्रॅमचा रोड डिरेल्युअर ही जोडी जमत नाही, केबलचा ताण बदलणारा बॅरल कितीही फिरवा. शिमानोच्या घरातच बघा, टियाग्रा ४७०० दिसायला १० स्पीड पण केबल ओढते ११ स्पीडच्या हिशोबाने, त्यामुळे जुन्या १० स्पीडच्या पार्टशी तिचं पटत नाही. ओएलएक्सवर तुकड्या-तुकड्याने ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा पूर्ण संच) जमवणाऱ्यांनी हे आधी बघावं. शिफ्टर, डिरेल्युअर, कॅसेट हे तीन एका घरातले ठेवा. बाकी चेन, क्रँक, ब्रेक कॅलिपर यात थोडी मिसळ चालते.

एक किलो म्हणजे नक्की किती?

हा हिशोब कोणी करत नाही म्हणून करतो. सिंहगडाचा रस्ता साधारण ९ किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. तुम्ही, सायकल, बाटली मिळून ८० किलो धरू आणि वर पोचायला पाऊण तास. यात सायकलचा एक पूर्ण किलो कमी केला तर वाचतो साधारण अर्धा मिनिट. अर्धा मिनिट वाईट नाही! पण तो एक किलो कमी करायला शेवटी शेवटी लाखाच्या वर जाऊ शकतात, हे लक्षात असू द्या.

आणि इथेच ती दुसरी चूक होते, ग्रॅम वाचवायला लहान कॅसेट. समोर ३४ दात, मागे २८ घेऊन १२ टक्क्यांच्या चढावर २०० वॉटने जाणारा माणूस ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे पाय मिनिटाला ५० वेळाही फिरत नाहीत. गुडघे मागायला लागतात हिशोब. मागे ३४ लावा, तोच माणूस ६० च्या जवळ येतो. थोडे ग्रॅम वाढले, वाढू द्या. फक्त डिरेल्युअरचा केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा हात, बघा, ११ स्पीड अल्टेग्रा आर८००० चा छोटा केज ३० दातांपर्यंतच आहे, ३४ ला मधला लांब जीएस केज लागतो.

ग्रुपसेटमध्ये कुठे पैसे घालायचे हाही वाद. शिमानोच्या ११ स्पीडच्या, ११ ते २८ दातांच्या कॅसेट घ्या, स्वस्तापासून महागापर्यंत: १०५ ची २८५ ग्रॅमच्या आसपास, अल्टेग्राची २५० आणि ड्युरा एसची १९० च्या वर थोडी. ड्युरा एसचं वजन कमी कारण मोठ्या चकत्या टायटॅनियमच्या, आणि त्या चढावर सगळ्यात जास्त वापरल्या जातात आणि स्टीलपेक्षा लवकर झिजतात. कॅसेट ही झिजणारी वस्तू आहे, त्यात ड्युरा एस लावणं म्हणजे शुद्ध चैन. करा, पण चैन म्हणून करा. तेच पैसे चांगल्या टायरला लावले तर रोज जाणवतील.

टीपीयू (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूबचं मात्र खरंच पटतं, साधी ब्युटाइल रबराची ट्यूब शंभर ग्रॅमच्या वर, ही चाळिशीच्या आत. पण रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे तिचा इलाज नाही, त्याचं सोल्युशन आणि पॅच तिला चिकटत नाही, तिचे स्वतःचे पॅच बरोबर ठेवा आणि एक अख्खी ट्यूब जादा.

चाकं, घाट आणि ब्रेक

वर जाण्याचं सगळे बोलतात, उतरण्याचं कोणी नाही. रिम ब्रेकवाल्या कार्बन क्लिंचरवर (साधा टायर-ट्यूब बसणाऱ्या कार्बन रिमवर) लांब घाट ब्रेक धरून धरून उतरलात तर रिम तापतो, रेझिन मऊ पडतं, आणि आतून टायरचा दाब कडेला बाहेर ढकलत असतोच, रिम फुगतो किंवा थर सुटतात. वजनदार रायडर, चढा उतार आणि बोटं सारखी ब्रेकवर, असं असेल तर ॲल्युमिनियम रिम घ्या नाहीतर सरळ डिस्कची फ्रेम. कार्बन रिम असेलच तर पॅड कार्बनचेच, आणि ॲल्युमिनियम रिमवर वापरलेले जुने पॅड परत लावू नका, त्यात धातूचे कण रुतलेले असतात, ते रिम खरवडतात. टीपीयू किंवा लेटेक्स ट्यूब या रिमवर चालते का ते व्हील कंपनीचं वाचून बघा, बरेच जण नाही म्हणतात.

हुकलेस रिम, म्हणजे टायरची कड अडकवणारा हुक नसलेला रिम, हा नवीन विषय. हलके असतात, बनवायला सोपे असतात, पण त्यावर जास्तीत जास्त ५ बार, म्हणजे ७२-७३ पीएसआय, आणि फक्त हुकलेसला चालणारे ट्यूबलेस टायर. आपल्याकडे अजूनही ग्रुपमध्ये कोणीतरी सांगतो की ११० भर, मस्त पळते. हुकलेसवर तसं केलंत तर टायर रिमवरून उडू शकतो, आणि तो उडतो तेव्हा तुम्ही चालत्या सायकलवर असता. आपले रस्ते बघता हुकवाला रिम आणि २८ मिमीचा टायर यात काही कमीपणा नाही.

हलकी व्हील घेताना रायडरच्या वजनाची मर्यादा वाचा. मागे २० स्पोक आणि वर ९० किलोचा गडी, मग दर महिन्याला चाकाची आऊट (डुगडुग) काढत बसायचं.

कार्बनला पान्हा लावताना

टॉर्क रेंच घ्या. त्यावर चर्चा नको. स्टेमचे (हँडलबार धरणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर, सीटक्लॅम्प तेवढाच, पण पार्टवर छापलेला आकडा अंतिम, आणि दोन पार्टवर दोन आकडे असतील तर छोटा पाळा. अंदाजपंचे टाइट करणारे हात कॅसेट लॉकरिंगला, जिथे ४० पाहिजे, कमी पडतात आणि हँडलबारला जास्त होतात.

कार्बन सीटपोस्ट सरकते म्हणून लोक आणखी आवळतात. तिथे आवळायचं नसतं, कार्बन पेस्ट लावायची असते, त्यात बारीक कण असतात त्यामुळे कमी टॉर्कवर पकड येते. आणि ग्रीस लावू नका. उलट टायटॅनियमचे बोल्ट कोरडे लावू नका, अँटीसीझ लावा, नाहीतर आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग ड्रिल मशीन आणावं लागतं. स्टेमला ॲल्युमिनियमचे रंगीत बोल्ट लावणाऱ्यांना काय सांगू, ८-१० ग्रॅमसाठी दात पणाला लावायचे का?

फोर्कची दांडी कापायची घाई करू नका. आधी स्टेमच्या वर दोन-तीन स्पेसर ठेवून महिनाभर चालवा, पाठ काय म्हणते बघा, मग कापा. कापलेलं जोडता येत नाही. कार्बन दांडीत ठोकायचा स्टारनट कधीच घालू नका, आत फुगून पकडणारा एक्स्पांडर घाला. आणि हेडसेट (फोर्कची दांडी फिरते ते बेअरिंग) ढिला वाटला की लोक वरचा टोपीचा बोल्ट पिळतात, स्टेमचे बाजूचे बोल्ट मात्र आवळलेलेच. तसं काहीच होत नाही, आधी बाजूचे सैल करा, वरून खेळ काढा, मग बाजूचे आवळा.

आवाज येतोय, कुठून?

करकर आली की पहिला संशय बीबीवर, आणि मेकॅनिकही लगेच बीबी उघडतो कारण मजुरी त्यात आहे. कार्बन फ्रेम आवाज कुठचा कुठे नेते, कानावर विश्वास ठेवू नका. आधी उभं राहून पेडल मारा, आवाज गेला तर सीट, सीटचे रेल आणि सीटपोस्ट. बसून आणि उभं राहून दोन्हीत आला तर पेडल काढून आटे पुसून ग्रीस लावून परत लावा (डावं पेडल उलट्या आट्यांचं, विसरू नका). मग थ्रू ॲक्सल (चाकाची आरपार दांडी) साफ करून ग्रीस. मग चेनरिंगचे बोल्ट. पेडल न मारता नुसता हँडल ओढला तरी आवाज असेल तर हेडसेट आणि स्टेम. हे सगळं झाल्यावर बीबी.

गिअर आपोआप उड्या मारत असतील तर डिरेल्युअरच्या लिमिट स्क्रूला (दोन्ही टोकांना त्याला अडवणारे) हात लावू नका, ते बिचारे निर्दोष असतात. आधी हँगर (मागचा डिरेल्युअर ज्यावर लटकतो तो तुकडा) सरळ आहे का बघा, नवी फ्रेमसुद्धा खोक्यात दबून वाकडी येते. मग केबलची बाहेरची नळी, टोक सपाट कापलंय का, फ्रेमच्या आत दोन केबल एकमेकांना गुंडाळल्यात का. आणि शिफ्टरची नळी ब्रेकला कधीही लावू नका, तिच्या तारा लांबीत सरळ जातात, जोरात ब्रेक दाबला की फाटते.

डिस्क टिंगटिंग वाजत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा, तसाच धरून आवळा. चाक काढल्यावर ब्रेक दाबायचा नाही, पॅडमध्ये ब्लॉक घालून ठेवा. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट ब्रेक फ्लुइड, दोन्ही एकमेकांत गेलं की सील फुगून ब्रेक खलास. आणि चेनला स्प्रे मारताना रोटर झाकून घ्या, पॅड एकदा तेल प्यायले की बदलणंच बरं.

फ्रेम घ्याल त्या दिवशीच दोन जादा हँगर मागवा, एक टूलबॅगमध्ये, एक घरी. बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा असतो, आणि तीन वर्षांनी मॉडेल बंद झालं की लाखाची सायकल त्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी भिंतीला टेकून उभी राहते.