विद्यापीठातील कामकाजाचे मोबाइल संदेश कसे पाठवावेत

बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्याच्या फॅकल्टी एका आवारात नाहीत: आर्ट्स सयाजीगंजात, टेक्नॉलॉजी कलाभवनात, तर परफॉर्मिंग आर्ट्स सूरसागराजवळ आहे. अशा संस्थेत शिपायाच्या हाती कागद पाठवण्यापेक्षा मोबाइलवरचा संदेश लवकर पोहोचतो आणि म्हणूनच आज बहुतेक विभागांचे निम्मे काम व्हॉट्सअॅपवर चालते. हे थांबवण्याची गरज नाही. मात्र संदेश कळवण्यासाठी असतो आणि निर्णय फाईलवर असतो, हा भेद प्रत्येक कर्मचाऱ्याने पाळला पाहिजे. पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: हे काम संदेशाने करण्याजोगे आहे का, ते ठरवा

वर्गखोली बदलली, बैठक अर्धा तास पुढे गेली, अर्ज स्वीकारण्याची खिडकी आज बंद राहील, अशा गोष्टी संदेशाने कळवाव्यात. रजामंजुरी, गुणांतील दुरुस्ती, शिस्तभंगाची विचारणा, खर्चाला मान्यता या गोष्टी मात्र पत्राने किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ई-मेलनेच व्हाव्यात. विभागप्रमुखांनी संदेशात 'हो' लिहिले म्हणून रजा मंजूर झाली असे समजू नये. त्याच दिवशी अर्ज आवक-जावक नोंदीतून पुढे पाठवावा. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २(एफ) मध्ये 'माहिती' या शब्दात ई-मेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूरही येतो. त्यामुळे खासगी मोबाइलवर लिहिले असले, तरी कामकाजाचा मजकूर उद्या कोणी मागू शकतो, हे धरूनच लिहावे.

दुसरी पायरी: एकदा वाचून कळेल असा मजकूर लिहा

'उद्याची परीक्षा दुसऱ्या हॉलमध्ये आहे, सर्वांनी नोंद घ्यावी' हा संदेश रात्री बारानंतर वाचणाऱ्याला चुकीच्या दिवशी परीक्षेला बसवू शकतो. तोच मजकूर असा लिहावा: 'बी.ए. द्वितीय वर्ष, अर्थशास्त्र: शुक्रवार, १४ ऑगस्ट, सकाळी ११ वाजताची परीक्षा खोली क्र. ६ ऐवजी खोली क्र. १२ मध्ये होईल. वेळेत बदल नाही. परीक्षा विभाग.' यात कोणासाठी, कधी, कुठे, काय बदलले, काय बदलले नाही आणि कोण सांगत आहे, हे सारे आले आहे. 'वेळेत बदल नाही' हे शब्द अनावश्यक वाटतात, पण विचारणा करणारे निम्मे फोन त्यांच्यामुळेच टळतात.

बडोद्यात एकाच कार्यालयात मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी माणसे शेजारी बसतात. दोन मराठी सहकाऱ्यांनी आपापसात मराठीत लिहिण्यास हरकत नाही, परंतु विभागाच्या गटात सर्वांना वाचता येईल अशीच भाषा वापरावी, कारण एका सदस्याला न कळलेली सूचना त्याच्यापुरती दिलेलीच नसते.

तिसरी पायरी: कोणाला काय दिसते, ते तपासा

याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. विद्यार्थ्यांचा साधा गट तयार केला की प्रत्येकाचा मोबाइल क्रमांक इतर सर्वांना दिसतो. त्यातील एखाद्या मुलीला अनोळखी फोन येऊ लागले, तर त्याची जबाबदारी गट उघडणाऱ्यावर येते. केवळ सूचना द्यायच्या असतील तर ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवण्याची व्हॉट्सअॅपची सोय, वापरावी. मात्र ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो, म्हणून प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यांना तसे सांगून ठेवावे. गटच हवा असेल, तर निदान केवळ अॅडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था करावी.

गुणपत्रकाचा, जातप्रमाणपत्राचा, आजारपणाच्या दाखल्याचा किंवा आधार कार्डाचा फोटो गटात टाकू नये. शुल्क न भरलेल्या विद्यार्थ्यांची नावे तर कदापि टाकू नयेत. गरिबीची अशी जाहीर वाच्यता करण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यामागील तत्त्वही हेच आहे, की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती ती वापरावी.

चौथी पायरी: मोठ्या संख्येने एसएमएस पाठवायचे असल्यास

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संस्थेला पाठवणाऱ्याचे शीर्षनाव (एसएमएसवर पाठवणारा म्हणून दिसणारे छोटे नाव) आणि मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. त्यामुळे आयत्या वेळी नवा मजकूर पाठवता येत नाही. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरी किंवा गुजरातीत केवळ ७०, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात.

पाचवी पायरी: वेळ पाळा, आणि तातडीचे काम फोनवर सांगा

कार्यालयीन वेळेनंतर संदेश पाठवल्यास उत्तराची अपेक्षा सकाळपर्यंत धरू नये. नवरात्रात तर रात्रीचा संदेश गरब्याच्या मैदानावर कोणी वाचत नाही. खरोखर तातडी असेल तर फोन करावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तसा प्रसंग असेल तर फोन आणि संदेश दोन्ही करावेत. अशा दिवसांत सुट्टीची जुनी किंवा बनावट परिपत्रकेही फिरतात. तारीख, जावक क्रमांक आणि विद्यापीठाचे संकेतस्थळ पाहिल्याशिवाय एकही पुढे पाठवू नये.

सहावी पायरी: नोंद ठेवा आणि गट सोपवा

कामकाजाच्या गटात आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय बंद ठेवावी. तक्रार, परीक्षा किंवा पैशाशी संबंधित संदेश त्याच आठवड्यात छापून, तारीख घालून फाईलला लावावा, आणि चौकशी सुरू असताना काहीही पुसू नये. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी पदभाराच्या यादीत कपाटाच्या किल्ल्यांबरोबर गटांची नावेही लिहावीत, नव्या कर्मचाऱ्याला अॅडमिन करावे, स्वतः गटातून बाहेर पडावे आणि विद्यार्थ्यांचे क्रमांक व कागदपत्रांचे फोटो आपल्या फोनमधून काढून टाकावेत.